पेनड्राइव्ह लावणार कशात, ते आधी सांगा

लग्नसराई सरली की दारव्ह्यातल्या आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज येतात. एक, चार्जिंगचा जॅक ढिला झालेले मोबाइल. दुसरी, ‘ताई, हा चालूनच नाही राहिला’ म्हणून काउंटरवर ठेवलेले पेनड्राइव्ह. यंदा अंकाच्या टपालातही तेच निघालं, म्हणून या वेळी फक्त पेनड्राइव्हची पत्रं घेतली आहेत. प्रिंटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरनं लॅपटॉपवर दाखवला, झकास झाला होता. आम्ही ६४ जीबीचा नवा कोरा पेनड्राइव्ह नेला, तर कॉम्प्युटर म्हणते ‘फाइल मोठी आहे’. फाइल ११ जीबीची, पेनड्राइव्ह ६४ चा, मग बसत काऊन नाही? शेवटी त्यानं काहीतरी फॉरमॅट मारून भरून दिला. आता घरचा टीव्ही पेनड्राइव्ह ओळखतच नाही. पाहुणे रोज विचारतात.
— एक वाचक, दिग्रस तालुका

उत्तर : भाऊ, जागा भरपूर आहे, अडलंय ते नोंदीपाशी. पेनड्राइव्हमधली चिप म्हणजे नुसतं शेत. कोणता तुकडा कोणाच्या नावावर, हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. ते दप्तर म्हणजे फाइल सिस्टीम. तुमच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर फॅट३२ नावाचं दप्तर असणार. हे १९९६ चं, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत आलेलं. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. याच्या वरची फाइल तिथे नोंदवताच येत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ चा असो की २५६ चा.

व्हिडिओ सेकंदाला ८ मेगाबिट या दरानं बनवला तर तासाला ३.६ जीबी होतात. हळदीपासून बिदाईपर्यंत तीन तास धरा, झाले तुमचे ११ जीबी.

फोटोग्राफरनं मग फॉरमॅट मारून, म्हणजे जुनं दप्तर टाकून नवं मांडून, एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट केलं असेल. दोन्हीत ४ जीबीची अडचण नाही. एनटीएफएस १९९३ चं, विंडोज एनटीसाठी काढलेलं. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणलं, तेही मुद्दाम अशा चिपवाल्या साठवणीसाठी. पण ते आपल्या यंत्रात घालायचं तर उत्पादकाला परवाना घ्यावा लागतो. म्हणून स्वस्तातल्या जुन्या एलईडी टीव्हीत ते बहुधा वगळलेलं असतं. एनटीएफएस काही टीव्ही वाचतात, काही नाही. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत यूएसबीच्या पानावर हे लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर गेली असेल, तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर मोबाइलचा एखादा छोटा व्हिडिओ घेऊन तपासा. टीव्हीच्या यादीत पेनड्राइव्हचं नावच आलं नाही, तर दोष फाइल सिस्टीमचा. नाव आलं, फाइल दिसली, पण चित्र काळं नि आवाज चालू, तर व्हिडिओ ज्या पद्धतीनं आवळलाय ती टीव्हीला झेपत नाही. अशा वेळी दहादा फॉरमॅट केलं तरी उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर फोटोग्राफरकडून व्हिडिओ तुकड्यांत मागा. हळद एक फाइल, लग्न दोन, वरात नि बिदाई एक, प्रत्येक ४ जीबीच्या आत, आणि पेनड्राइव्ह फॅट३२. हा पेनड्राइव्ह तुमच्या एकट्याच्या टीव्हीला लागणार नाही. तो मामाकडे जाईल, पोरीच्या सासरी जाईल, कोणाच्या घरी कोणता टीव्ही आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. फॅट३२ बहुतेक ठिकाणी चालतं. सलग ११ जीबीची मूळ फाइल मात्र वेगळ्या, एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घरी ठेवा.

इथे आणखी एक खोडा येतो. ६४ जीबीवर राइट क्लिक करून फॉरमॅट उघडलं तर विंडोजच्या यादीत फॅट३२ दिसतच नाही, कारण त्या खिडकीत ३२ जीबीची मर्यादा घातलेली आहे. ती खिडकी लिहिणारे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंता डेव्ह प्लमर यांनीच सांगितलंय की १९९४ मध्ये तात्पुरती म्हणून त्यांनी ती केली आणि तो ३२ चा आकडाही तेव्हाच ठरवून टाकला. तात्पुरत्या गोष्टी सरकारातच टिकतात असं नाही. फॅट३२ ला स्वतःला ६४ जीबीचं वावडं नाही. रूफस नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते सरळ करून देतं, फोटोग्राफरकडे बहुधा असतंच.

प्रश्न : आमच्या गावच्या मंदिरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला पेनड्राइव्ह लागतो. पहाटे आधी भूपाळी, मग काकडा, मग आरती असा क्रम हवा. मी नावापुढे आकडे टाकले, कॉम्प्युटरवर बरोबर दिसतात. मंदिरात लावलं की आरतीच आधी वाजते. पुजारीबुवा मलाच बोलतात. ट्रॅक्टरच्या टेपमध्येही असंच होतं.
— भजनी मंडळाचा सभासद, महागाव तालुका

उत्तर : हे पत्र वाचून बरं वाटलं. ही तक्रार पुष्कळांची असते, पण लोक ‘मशीनच तशी आहे’ म्हणून सोडून देतात.

कॉम्प्युटर तुम्हाला फायली नावाप्रमाणे लावून दाखवतो. ती मांडणी पडद्यापुरती. फॅट३२ च्या यादीत मात्र फायली ज्या क्रमानं आल्या त्या क्रमानं एकाखाली एक नोंदलेल्या असतात. अ‍ॅम्प्लिफायरमधलं किंवा ट्रॅक्टरच्या टेपमधलं (कॅसेट जाऊन जमाना झाला, पण आपण टेपच म्हणतो) ते स्वस्तातलं सर्किट नावं लावत बसत नाही. यादी वरून खाली वाचतं आणि वाजवतं. तुम्ही आरती आधी कॉपी केली असेल, तर आरतीच आधी वाजणार.

आणखी एक गंमत. मधलं एखादं गाणं पुसलंत तर त्याची ओळ यादीत रिकामी होते, आणि नंतर टाकलेलं नवं गाणं त्या रिकाम्या ओळीत जाऊन बसू शकतं. म्हणून कधी कधी नवं गाणं शेवटी न वाजता भलतीकडेच मध्ये वाजतं.

तर असं करा. गाणी कॉम्प्युटरवर ठेवा आणि पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मग एक-एक फाइल, पाहिजे त्याच क्रमानं कॉपी करा. सगळ्या एकदम निवडून ओढू नका, मग कोणती आधी गेली याची खात्री राहत नाही. गाणी शंभरावर असतील तर विंडोजसाठी ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्ससाठी (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) फॅटसॉर्ट अशी छोटी सॉफ्टवेअरं आहेत, ती यादीच नावाप्रमाणे पुन्हा लिहून देतात.

फायलींची नावं देवनागरीत ठेवली असतील तर टेपच्या छोट्या पडद्यावर चौकोन दिसतील, कारण त्यात आपली अक्षरंच भरलेली नसतात. नाव रोमन अक्षरांत द्या. आणि मंदिरासाठी ८ किंवा १६ जीबीचा साधा पेनड्राइव्ह पुरतो. १२८ चा घेऊन जाल तर तो कारखान्यातून एक्सफॅट होऊन आलेला असू शकतो, मग पुजारीबुवा पुन्हा तुम्हालाच बोलतील.

प्रश्न : ३२ जीबीचा घेतला, आत २९ च दिसते. दुकानदारानं फसवलं का?
— बारावीचा विद्यार्थी, नेर

उत्तर : नाही रे बाबा. कंपनी १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणते, विंडोज १०७ कोटींहून थोड्या जास्त बाइटला. ३२ चे असे २९.८ होतात. थोडी जागा दप्तरालाही लागते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वर्गातला लॅपटॉप लिनक्सचा, ऑफिसातला कॉम्प्युटर विंडोज ७ चा, शिवाय एक टीव्ही. माझ्याकडे ३२ जीबीचा एकच पेनड्राइव्ह आहे. त्याचे दोन पार्टिशन करून एकात माझे पगाराचे, सेवापुस्तकाचे कागद आणि दुसऱ्यात मुलांच्या कविता-व्हिडिओ ठेवायचे आहेत. एका सहकाऱ्यांनी ईएक्सटी४ करायला सांगितलं. योग्य होईल का?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मॅडम, ईएक्सटी४ करू नका. लिनक्ससाठी ती उत्तम फाइल सिस्टीम आहे, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर असावीच. पण तुमच्या ऑफिसातला विंडोज ती वाचत नाही आणि वर ‘ही डिस्क फॉरमॅट करू का?’ असं विचारतो. तिथे कोणी घाईत ‘हो’ दाबलं की संपलं. शिवाय ईएक्सटी४ प्रत्येक फाइलीवर मालकाचा क्रमांक लिहून ठेवते. एका लिनक्सवर केलेली फाइल दुसऱ्या लिनक्सवर उघडेल, पण तिथल्या तुमच्या खात्याचा क्रमांक वेगळा असला तर बदल करू देणार नाही.

आता पार्टिशनचं. ऑफिसातल्या विंडोज ७ ला पेनड्राइव्हवरचं फक्त पहिलं पार्टिशन दिसेल. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून पेनड्राइव्हवरची सगळी पार्टिशनं दिसू लागली, त्याआधी नाही. टीव्ही बहुधा पहिलंच पाहील. म्हणजे दुसरं पार्टिशन लिनक्सपुरतंच राहील.

शिवाय पार्टिशन म्हणजे कुलूप नव्हे. तुमच्या पगाराचे कागद कोणीही उघडू शकेल. चिप एकच, तिला सांभाळणारा कंट्रोलरही एकच, तो गेला की दोन्ही पार्टिशनं एकदम जातात. त्यापेक्षा एकच फॅट३२ पार्टिशन, दोन फोल्डर, आणि तुमचे कागद सेव्हन-झिपनं पासवर्ड लावून एका फाइलीत बांधलेले. कवितांचे व्हिडिओ काही ४ जीबीचे नसतात, त्यामुळे फॅट३२ नडणार नाही. आणि खरं सांगू का, मुलांचा पेनड्राइव्ह वेगळाच घ्या. तो गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथून काय घेऊन येईल सांगता येत नाही.

पुढे ६४ किंवा १२८ चा घ्याल तेव्हा एक्सफॅट चालेल. विंडोज ७ ला ते वाचता येतं. लिनक्सच्या गाभ्यात ते २०१९ च्या ५.४ आवृत्तीत आलं आणि २०२० च्या ५.७ मध्ये सॅमसंगनं लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. शाळेचा लॅपटॉप त्याआधीचा असेल तर त्यात एक्सफॅटचं वेगळं पॅकेज टाकून घ्यावं लागेल.

पार्टिशन पेनड्राइव्हवर कुठे कामाचं? आमच्या धंद्यात. व्हेंटॉय नावाचं साधन पेनड्राइव्हचे आपोआप दोन भाग करतं. मोठा एक्सफॅट, त्यात चार-पाच ऑपरेटिंग सिस्टीमच्या आयएसओ फायली (इन्स्टॉल करायची अख्खी डिस्क एका फाइलीत बांधलेली) नुसत्या कॉपी करायच्या, आणि ३२ एमबीचा एक छोटा, मशीन सुरू करण्यापुरता. विंडोज टाकायचा की उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), ते सुरू होताना विचारतं.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर काम करतो. पेनड्राइव्हवर उबंटू टाकून एक जुना कॉम्प्युटर चालू केला. आता त्याच १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज फक्त काही एमबी दाखवतो. फॉरमॅट केलं तरी तेवढेच. दुसरं असं की माझ्या ६४ च्या पेनड्राइव्हवर सातबारा, आठ-अ च्या हजारो पीडीएफ आहेत. त्यांची साइज कमी आणि ‘साइज ऑन डिस्क’ कितीतरी जास्त दिसते. कॉपी व्हायलाही दुपार जाते.
— संगणक परिचालक, बाभूळगाव तालुका

उत्तर : पहिलं सोपं आहे, पण हात सांभाळून करायचं. उबंटूची आयएसओ लिहिताना तिचं पार्टिशनचं कोष्टकही पेनड्राइव्हवर जसंच्या तसं उतरतं. विंडोजला त्यातला सुरुवातीच्या कामाचा छोटा भाग तेवढा कळतो. तुम्ही फॉरमॅट करता ते त्या छोट्या भागाला. कोष्टक बदलत नाही.

कोष्टकच पुसायला विंडोजमधला डिस्कपार्ट वापरा. आधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत डिस्कपार्ट टाइप करा. मग ‘लिस्ट डिस्क’. यादीत आकारावरून आपला पेनड्राइव्ह ओळखा, १६ चा साधारण १४-१५ जीबी दिसेल. शून्य क्रमांक बहुधा कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कचा असतो. समजा पेनड्राइव्ह १ वर आहे, तर ‘सिलेक्ट डिस्क १’. इथे थांबा आणि पुन्हा एकदा ‘लिस्ट डिस्क’ द्या. निवडलेल्या डिस्कपुढे चांदणी दिसते, ती बरोबर ओळीवर आहे ना ते बघा. कारण पुढची आज्ञा ‘क्लीन’, आणि ती ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. चुकीच्या डिस्कवर दिलीत तर ग्रामपंचायतीची घरपट्टी वसुली त्यात जाईल. त्यानंतर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक’ आणि ‘असाइन’. पूर्ण १६ जीबी परत मिळतील.

दुसऱ्याचं कारण क्लस्टर. फाइल सिस्टीम जागा बाइटनं देत नाही, ठरावीक तुकड्यांनी देते. विंडोजनं ६४ जीबी एक्सफॅट केला की तुकडा १२८ केबीचा धरतो. तुमचा सातबारा ४० केबीचा असला तरी १२८ अडवतो. अशा १०,००० फायली म्हणजे मजकूर ४०० एमबीचा आणि अडलेली जागा सव्वा जीबीच्या आसपास. फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट, म्हणजे हाच तुकडा, ३२ केबी निवडलं तर नासाडी बरीच कमी होईल. पण दुपार जाते ती त्यामुळे नाही. प्रत्येक छोट्या फाइलीमागे यादीत नोंद आणि जागेचा हिशेब वेगळा लिहावा लागतो, आणि स्वस्त पेनड्राइव्हला असं इथे थोडं, तिथे थोडं लिहिणं जड जातं. गावागावाच्या पीडीएफची एकेक झिप करून मगच कॉपी करा. जागेचा आणि वेळेचा, दोन्ही प्रश्न त्यातच सुटतात. फाइल सिस्टीम बदलायची गरज नाही.

प्रश्न : ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह स्वस्तात मिळाला. प्रॉपर्टीमध्ये २ टीबीच दिसते. संत्र्याच्या बागेतल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवलं तर जुने व्हिडिओ उघडतात, नवे उघडत नाहीत. एक्सफॅटच्या जागी एनटीएफएस करू का?
— संत्रा उत्पादक, वरुड

उत्तर : दादा, फाइल सिस्टीमला दोष नका देऊ. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलंय. आत असतील १६ किंवा ३२ जीबी, पण कॉम्प्युटरनं विचारलं की तो २ टीबी सांगतो. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं कुठेच साठत नाही किंवा आधीच्यावर चढतं. नावं यादीत दिसतात, आत काही नसतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवा. ती पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून पाहतात आणि खरी जागा किती ते सांगतात. आधी उघडणारे व्हिडिओ दुसरीकडे काढून घ्या. परताव्याची मुदत असेल तर त्या अहवालाचा फोटो जोडून वस्तू परत करा.

आणि सीसीटीव्हीला पेनड्राइव्ह लावूच नका. रात्रंदिवस लिहिण्यासाठी तो नसतो. रेकॉर्डरला त्या कामाची हार्डडिस्क बसवा.

प्रश्न : माझं कृषी केंद्र आहे. बिलांचं सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हवरच ठेवलंय, म्हणजे घरी नेता येतं. परवा काम चालू असताना लाइट गेली. आल्यावर कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह एक्सफॅट आहे. सोयाबीनच्या बियाण्याची सगळी बिलं त्यात आहेत.
— कृषी केंद्र चालक, आर्णी तालुका

उत्तर : फॉरमॅट दाबलं नसेल तर चांगलं. दाबलं असेल आणि क्विक फॉरमॅट असेल, तरी आशा आहे. त्यात दप्तर कोरं होतं, शेतातलं पीक तसंच उभं असतं. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर मात्र विंडोज विस्टा आणि त्यानंतरचा प्रत्येक विंडोज सगळीकडे शून्य लिहितो, मग काही उरत नाही.

लाइट गेली तेव्हा यादी अर्धवट लिहिलेली राहिली. फॅट३२ मध्ये जागेच्या कोष्टकाच्या दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये सहसा एकच. एनटीएफएस काय बदलणार ते आधी टिपणवहीत लिहून घेतं, म्हणून अशा वेळी ते सावरतं. पण टिपणवही सांभाळते ती यादी. अर्धवट लिहिलेलं बिल तिथेही अर्धवटच राहतं. त्यामुळे एनटीएफएस करून हेच पुढे चालू ठेवता येईल असं समजू नका. सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा, दुकान बंद करताना त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, एक छोटा यूपीएस घ्या. खताच्या दोन पोत्यांपेक्षा फार महाग पडत नाही.

आता बिलं. त्या पेनड्राइव्हवर यापुढे काहीही लिहू नका, डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची चेकडिस्कही आताच चालवू नका. ती यादी दुरुस्त करण्याच्या नादात उरलेल्या नोंदी काढून टाकू शकते. आधी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून पूर्ण पेनड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून घ्या आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा. टेस्टडिस्क मोफत आहे. हरवलेलं पार्टिशन आणि त्याची सुरुवातीची माहिती ते शोधतं, आणि जमलं तर फायली नावासकट दिसतात. नाही जमलं तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक वापरा. नावावर जाऊ नका, ते पीडीएफ, एक्सेलही काढतं. सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फोटोरेकनं काढलेल्या फायलींना जुनी नावं राहत नाहीत, नुसते आकडे असतात. कोणतं बिल कोणत्या शेतकऱ्याचं, ते एकेक उघडून पाहावं लागेल. आणि सॉफ्टवेअरची स्वतःची डेटा फाइल फोटोरेकला ओळखता आली नाही, तर ती सॉफ्टवेअरवाल्याला दाखवा. तिचा प्रकार नि आतली रचना त्यालाच ठाऊक असते.